मेटफॉर्मिनचे साखरेपलीकडचे परिणाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात माझं औषधाचं दुकान आहे. मुंबईतले चाकरमानी व्हॉट्सअॅपवर बातमी पाठवतात आणि विचारतात, ‘बाबांची शुगरची गोळी कॅन्सरवरही चालते म्हणे?’ त्याच आठवड्यात त्यांचे बाबा काउंटरला टेकून विचारतात, ‘या गोळीनं पाय बधिर होतात काय रे?’ दोन्ही प्रश्न एकाच गोळीचे आहेत, मेटफॉर्मिनचे. माझ्या मते बाबांचा प्रश्न जास्त महत्त्वाचा, म्हणून खाली त्यालाच जास्त जागा दिली आहे.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. इथे वाचून कुणी आपला डोस बदलू नये.

१. मेटफॉर्मिन म्हणजे नक्की कुठली गोळी? माझ्या पाकिटावर वेगळंच नाव आहे.

पाकिटावर कंपनीने ठेवलेलं नाव असतं, सोबत ‘मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड’ लिहिलेलं असतं. ग्लायकोमेट हे त्यातलं आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेलं नाव. पुष्कळदा एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात: मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड, सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन किंवा डापाग्लिफ्लोझिन. आपली गोळी एकटी आहे की जोडीची, हे आधी पाहून ठेवा. पुढची काही उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत. अक्षरं वाचता येत नसतील तर पाकीट दुकानात आणा, पण नावाचा भाग कापून उरलेल्या दोन गोळ्या आणू नका. मग आम्हालाही ओळखता येत नाही.

२. शुगर कमी करण्याशिवाय तिचे इतर परिणाम का होतात?

कारण ती एकाच जागी काम करत नाही. यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असतं, ते ती कमी करते. आतड्यावर तिचा मोठा असर आहे; तिथल्या जिवाणूंची वस्ती बदलते. मेंदूतल्या एका भागावरही ती काम करते, असं २०२५ साली उंदरांवरच्या संशोधनातून पुढे आलं.

इतिहासही गमतीचा आहे. युरोपात गॅलेगा नावाची, आपल्या वाल-चवळीच्या कुळातली एक वनस्पती आहे. तिच्यातल्या द्रव्यांच्या अभ्यासातून ही औषधांची जात आली. मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनमध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि विसरलं गेलं. १९४९-५० च्या सुमारास फिलिपिन्समध्ये युसेबिओ गार्सिया या डॉक्टरांनी ते दिलं ते चक्क फ्लूच्या रुग्णांना. मधुमेहासाठी ते वापरून दाखवलं पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी, १९५७ साली. म्हणजे ‘भलत्याच आजारावर चालणारी गोळी’ ही तिची ख्याती आजची नाही.

३. गोळयेक सुक्या माशाचो वास येता. खराब झाली काय?

नाही. मेटफॉर्मिनला मुळातच थोडा माशासारखा वास असतो आणि काहींना तो इतका नकोसा होतो की ते गोळीच सोडून देतात. आमच्याकडे सुकटीला नाक मुरडणारा माणूस विरळा, तरी हा प्रश्न महिन्यातून एकदा येतोच. वर लेप असलेल्या किंवा एसआर म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या गोळीला वास कमी येतो. मात्र गोळी ओलसर झाली, रंग बदलला किंवा भुकटी पडायला लागली तर ती टाकून द्या. पावसाळ्यात इथली हवा कशी असते ते सांगायला नको. गोळ्या पाकिटातून काढून स्टीलच्या डबीत भरून ठेवू नका.

४. सुरू केल्यापासून जुलाब होतात, तोंडाला लोखंडासारखी चव येते. सोडून देऊ का?

सोडण्याआधी तीन गोष्टी करून पाहा. गोळी रिकाम्या पोटी न घेता जेवणाच्या मध्ये किंवा लगेच नंतर घ्या. सकाळी नुसत्या चहावर घेतात आणि मग दहा वाजता पेज जेवतात, अशांचंच पोट जास्त बिघडलेलं मी पाहिलं आहे. दुसरं, डॉक्टरांना सांगून डोस कमी मात्रेपासून हळूहळू वाढवून घ्या. तिसरं, साध्या गोळीऐवजी एसआर गोळी चालेल का ते विचारा. बहुतेकांचं पोट दोन-चार आठवड्यांत सरावतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं गोळी सुखरूप चालली आणि आता अचानक जुलाब सुरू झाले, तर ‘मेटफॉर्मिननेच असेल’ म्हणून बसू नका. कारण वेगळं असू शकतं, आणि अंगातलं पाणी कमी होत असेल तर प्रश्न १० तातडीने वाचा.

५. गोळी शौचातून अख्खी बाहेर पडली. म्हणजे औषध लागलंच नाही?

औषध लागलं. एसआर गोळीतलं औषध हळूहळू झिरपून बाहेर येतं आणि फुगलेलं रिकामं कवच तेवढं शौचातून पडतं. त्याच कारणासाठी एसआर गोळी चावू किंवा कुटू नये.

६. वजन कमी होतं का?

थोडं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सरासरी दोन किलोंच्या आसपास घट दिसली. भूक जरा मरते. त्यामागे जीडीएफ-१५ नावाचं एक प्रथिन असावं असं संशोधक मानतात. वजन झपाट्याने उतरत असेल तर ते श्रेय या गोळीला देऊ नका. शुगर हाताबाहेर गेल्यानेही वजन उतरतं. आधी तपासणी करा.

७. गोळीनं पाय बधिर होतात, मुंग्या येतात, हे खरं का?

खरं आहे, पण वळसा घेऊन. मेटफॉर्मिन थेट नसांना इजा करत नाही. ती लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ जीवनसत्त्व शोषलं जाण्याच्या आड येते, आणि बी-१२ कमी पडलं की नसा कुरकुरतात: पायांना मुंग्या, तळव्याखाली कापूस असल्यासारखं वाटणं, अंधारात तोल जाणं, विसराळूपणा, जीभ लाल व गुळगुळीत होणं, थकवा.

गोची अशी की मधुमेहानेही पाय असेच बधिर होतात. मग पेशंट, घरचे आणि कधी कधी डॉक्टरही ‘शुगरमुळे असणार’ म्हणून पुढे जातात. शुगरने गेलेल्या नसा परत आणणं कठीण, पण बी-१२ मुळे झालेला त्रास वेळेत सापडला तर पुष्कळसा भरून निघतो. उशीर झाला तर तोही कायमचा राहतो. म्हणून ही दोन कारणं वेगळी करून पाहणं एवढं गरजेचं.

हे हळू घडतं. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो, त्यामुळे पहिल्या वर्षी काही जाणवत नाही. डोस जितका जास्त आणि वर्षं जितकी जास्त, तितका धोका जास्त. नेदरलँड्समध्ये ३९० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सव्वाचार वर्षांत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची बी-१२ पातळी बिनऔषधाच्या गटाच्या तुलनेत सरासरी १९ टक्क्यांनी उतरली होती. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ साली डॉक्टरांना सूचना दिली की लक्षणं दिसली तर बी-१२ तपासा आणि जोखमीच्या रुग्णांचं अधूनमधून तपासतच राहा.

आपल्याकडे आणखी एक भर. भाताच्या खाचरात, कातळावर, बागेत अनवाणी चालणारी माणसं. पाय बधिर असला की काटा रुतल्याचं, शिंपल्याने कापल्याचं कळत नाही आणि चार दिवसांनी पाय सुजून दवाखाना गाठावा लागतो. रात्री झोपताना पाय उजेडात पाहायची सवय ठेवा. वाकता येत नसेल तर नातवंडाला पाहायला सांगा.

८. आम्ही रोज मासे खातो. आम्हाला कसं कमी पडेल?

कमी शक्यता आहे, पण ‘पडणारच नाही’ असं नाही. बांगडा, तारली यांत बी-१२ भरपूर असतं आणि तिसऱ्या-कालवांत तर फारच. पण प्रश्न ताटात किती येतं एवढाच नाही, आतड्यातून किती आत जातं हाही आहे, आणि गोळी नेमकी तिथेच आड येते. त्यात श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्ट्या, सोमवार धरले तर ‘रोज मासे’ म्हणणाऱ्या घरातही मासे प्रत्यक्षात किती दिवस होतात ते मोजून पाहा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुकं एवढंसं तोंडी लावायलाच असतं.

शाकाहारी घरांत मात्र दुधा-ताकावरच सगळी भिस्त. तिथे मेटफॉर्मिन चार-पाच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासायला लक्षणांची वाट पाहूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पित्तासाठी ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनाही हेच लागू, कारण त्या गोळ्याही बी-१२ कमी करतात. आमच्या भागात ‘एक शुगरची, एक पित्ताची’ ही जोडी घरोघर दिसते.

९. मग सरळ बी-१२ ची गोळी सुरू करू का? तपासणी कशाला?

तपासणी आधी. गोळ्या किंवा इंजेक्शनं सुरू झाली की रक्तातला आकडा वर जातो आणि मूळ स्थिती काय होती ते कधीच कळत नाही. तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त दिलं की बहुधा ते पुढे पाठवतात आणि रिपोर्ट एक-दोन दिवसांत येतो. आकडा साधारण २०० (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर) च्या खाली असेल तर कमतरता धरतात. त्याच्या थोडा वर असला आणि लक्षणं असली तर डॉक्टर पुढची तपासणी सांगू शकतात.

एक खोच: हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणजे बी-१२ ठीक आहे असं नाही. रक्तक्षय न होताही नसांना त्रास होऊ शकतो. फक्त फॉलिक अॅसिड घेत राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. आणि बी-१२ कमी सापडलं म्हणून मेटफॉर्मिन सोडायची नाही. बी-१२ भरून काढायचं.

१०. पावसाळ्यात ताप आला, उलट्या-जुलाब होताहेत. मेटफॉर्मिन घ्यायची की नाही?

हे उत्तर कोकणातल्या माणसाने पाठ करून ठेवावं.

मेटफॉर्मिन यकृतात मोडत नाही. ती जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर जाते. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं किंवा तापाने किडनी मंदावली, की गोळी अंगात साचते. तेव्हा रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकतं. हे फार दुर्मिळ आहे, वर्षाला एक लाख रुग्णांत दहापेक्षाही कमी. पण झालं तर जिवावर बेततं. खोल व जलद श्वास, पोटात दुखणं, उलट्या, कमालीचा थकवा, गुंगी ही लक्षणं.

आता हे आपल्या पावसाळ्याशी जोडा. लावणीच्या चिखलात उभं राहणाऱ्यांना लेप्टो होतो. उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून जंतू पायाच्या जखमेवाटे आत शिरतात. ताप, डोळे लाल, पोटऱ्या प्रचंड दुखणं ही त्याची ओळख, आणि तो किडनीवर उतरू शकतो. पोटऱ्या दुखतात म्हणून माणूस दुकानात येऊन डायक्लोफेनॅक मागतो. ती वेदनाशामक गोळीही किडनीला जड. वर मेटफॉर्मिन चालूच. म्हणून पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी सांगून वेदनाशामक मागणाऱ्याला मी आधी आरोग्य केंद्रात पाठवतो. काही गिऱ्हाइकं रागावून पुढच्या दुकानात जातात, जाऊ देत.

तर असं करा: उलट्या-जुलाब थांबत नसतील, खाणं-पिणं तुटलं असेल, जोराचा ताप असेल, लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि मेटफॉर्मिन चालू आहे हे स्वतःहून सांगा. अशा वेळी ती तात्पुरती थांबवायला सांगतात आणि नीट जेवण-पाणी सुरू झालं, किडनीचा रिपोर्ट ठीक आला की पुन्हा सुरू करतात. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आणि बीपीच्या काही गोळ्यांबद्दलही तेव्हाच विचारा. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करायचं नाही. आजारपणात न जेवताही शुगर चढते.

११. मेटफॉर्मिनने किडनी खराब होते असं शेजारी सांगतात.

उलटं आहे. गोळी किडनी खराब करत नाही. किडनी आधीच खराब असेल तर गोळी साचते. शेजाऱ्याने कुणाची तरी गोळी ‘किडनी बिघडली म्हणून’ बंद झाल्याचं पाहिलेलं असतं आणि कारण-परिणाम उलटे जोडलेले असतात. रिपोर्टमध्ये किडनी किती काम करते ते सांगणारा ईजीएफआर नावाचा आकडा असतो: ४५ च्या खाली गेला की डोस कमी करतात, ३० च्या खाली गोळी बंद. वर्षातून एकदा तरी हा आकडा पाहावा, वय जास्त असेल तर अधिक वेळा.

१२. संध्याकाळी थोडी माडी, कधी हुर्राक (काजूची दारू). चालेल?

लॅक्टिक आम्ल साचायला दारू मदत करते, म्हणून मेटफॉर्मिनसोबत भरपूर पिणं धोक्याचं. न जेवता पिणं आणखी वाईट, कारण त्याने शुगर खालीही घसरते. काजूच्या हंगामात ‘हुर्राक औषधी असतो’ असं ऐकून घ्यावं लागतं. औषधी कशावर, ते मात्र कुणी सांगत नाही.

१३. एकादशीला उपवास असतो. मेटफॉर्मिनने चक्कर येते का?

एकट्या मेटफॉर्मिनने शुगर धोकादायक खाली जाणं क्वचितच. जोडीत ग्लिमेपिराइड असेल तर मात्र उपाशीपोटी घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. म्हणूनच प्रश्न १ मध्ये पाकीट वाचायला सांगितलं. उपवासाच्या दिवशीचा डोस आधी विचारून घ्या. आणि साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर केळं म्हणजे उपवास नव्हे, त्याने शुगर उलट चढते.

१४. पीसीओडीसाठी मुलीला ही गोळी दिली आहे. तिला तर शुगर नाही!

चुकून दिलेली नाही. पीसीओडी या अंडाशयाच्या विकारात इन्सुलिनचा असर कमी पडतो आणि पाळी अनियमित होते, तिथे मेटफॉर्मिन उपयोगी पडते. पण एक परिणाम आधी सांगायला हवा तो बऱ्याचदा सांगायचा राहतो: अंडं तयार होऊन बाहेर पडणं पुन्हा सुरू होऊ शकतं. ‘मला दिवस जाणारच नाहीत’ असं समजून राहिलेल्या लग्न झालेल्या मुली यामुळे अनपेक्षित गरोदर राहतात. मूल हवं असेल तर आनंदच, नको असेल तर काळजी आधीपासून घ्या. गरोदर राहिल्यावर गोळी चालू ठेवायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील, मनाने बंद नको. मुलगी शाकाहारी असेल तर प्रश्न ८ तिलाही लागू.

१५. मुंबईला सीटी स्कॅन करायचं आहे. गोळी बंद करावी लागते का?

साधं स्कॅन असेल तर नाही. शिरेतून रंगद्रव्य देणार असतील आणि किडनी कमजोर असेल, तर त्या वेळी गोळी थांबवून ४८ तासांनी किडनी तपासून पुन्हा सुरू करतात.

पेट (पीईटी) स्कॅनची गोष्ट वेगळी आहे. त्यात किरणोत्सारी साखर टोचून ती कुठे जमते ते पाहतात. मेटफॉर्मिनमुळे आतडी ही साखर जास्त ओढून घेतात, चित्रात पोट चकाकतं आणि खरी गाठ झाकली जाऊ शकते किंवा नसलेलीचा संशय येतो. म्हणून काही केंद्रं दोन दिवस आधीपासून गोळी बंद ठेवायला सांगतात. इथून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन सकाळी ‘आज होणार नाही’ ऐकण्यापेक्षा तारीख घेतानाच विचारा.

१६. थायरॉइडचीही गोळी चालू आहे. काही गडबड?

गडबड नाही, पण नोंद ठेवा. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांत मेटफॉर्मिनमुळे रक्ततपासणीतला टीएसएच हा थायरॉइडचा आकडा थोडा खाली येऊ शकतो. तो पाहून कुणी थायरॉइडचा डोस घाईने बदलण्याआधी मेटफॉर्मिन कधी सुरू झाली ते सांगा.

१७. कॅन्सर होत नाही, आयुष्य वाढतं, असं वाचलं. खरं का?

याबाबतीत आशा पुराव्याच्या पुढे पळाल्या आहेत. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसतो, असं २००५ साली स्कॉटलंडमधल्या नोंदींवरून पुढे आलं आणि जगभर उत्साह पसरला. पण नोंदी पाहणं वेगळं आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट करून औषध देणं वेगळं. स्तनाच्या कॅन्सरच्या ३,६४९ रुग्णांवर तशी चाचणी झाली. तिचा निकाल २०२२ साली आला: कॅन्सर परत येण्याच्या बाबतीत मुख्य गटात गोळीचा फायदा नाही.

आयुष्याचंही तसंच. २०२४ साली नर माकडांवरच्या प्रयोगात म्हातारपणाच्या काही खुणा, विशेषतः मेंदूतल्या, मंदावलेल्या दिसल्या. पण माकड म्हणजे आपले आजोबा नव्हेत. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी मात्र पक्की गोष्ट आहे. ब्रिटनमधल्या १९९८ च्या अभ्यासात जास्त वजनाच्या मधुमेहींना मेटफॉर्मिन दिल्यावर हृदयविकाराचे झटके ३९ टक्क्यांनी कमी झाले. बातमी व्हायला हवी ती ही, पण ती जुनी झाली.

१८. गुडघेदुखी, कोविडनंतरचा त्रास, यांवरही चालते म्हणतात. शुगर नसताना घेऊ का?

गुडघ्यांचं आश्चर्य मलाही वाटलं. ऑस्ट्रेलियात वजन जास्त आणि गुडघे झिजलेल्या १०७ जणांना सहा महिने रोज २००० मिलिग्रॅमपर्यंत मेटफॉर्मिन किंवा खोटी गोळी दिली. २०२५ साली निकाल आला: वेदनेचा आकडा शंभरपैकी सुमारे ३१ ने उतरला, खोट्या गोळीने १९ ने. चांगली सुरुवात, पण माणसं मोजकीच. कोविडमध्ये अमेरिकेतल्या चाचणीत जास्त वजनाच्या रुग्णांना लागण झाल्यावर लगेच चौदा दिवस गोळी दिली, तेव्हा पुढे लाँग कोविड १०.४ ऐवजी ६.३ टक्क्यांना झाला. गार्सियांच्या फ्लूची आठवण होते.

दुसरी बाजूही आहे. वजनं उचलून व्यायाम करणाऱ्या पासष्टीपुढच्या निरोगी लोकांत मेटफॉर्मिनने स्नायू कमी वाढले, असं २०१९ मधल्या एका चाचणीत दिसलं. शुगर नसताना केवळ बातमी वाचून ही गोळी मागू नका, मी देणारही नाही. शुगर बॉर्डरवर असेल तर गोष्ट निराळी. अमेरिकेत ३,२३४ जणांच्या अभ्यासात मेटफॉर्मिनने मधुमेह होण्याचा धोका ३१ टक्क्यांनी घटला, पण आहार-चालण्याने ५८ टक्क्यांनी. चेन्नईतल्या अभ्यासात दोन्ही साधारण सारखेच, २६ ते २८ टक्के भरले. यावर डॉक्टरांशी बोला.

१९. सोबत जांभळाच्या बियांची पावडर घेतली तर?

घरी वाळवून कुटलेल्या पावडरीबद्दल फारशी भीती नाही, डॉक्टरांना सांगून घ्या. भीती आहे ती बिननावाच्या डब्यातल्या ‘सात दिवसांत शुगर नॉर्मल’ पावडरीची. अशा चूर्णांत छुपी अॅलोपॅथिक औषधं मिसळलेली आढळली आहेत. एकदम आणि फारच छान शुगर उतरली तर संशय घ्या.

२०. गणपतीला मुलगा मुंबईहून गोळ्यांचा साठा आणतो. इथल्या डॉक्टरांनीही लिहून दिल्या आहेत. दोन्ही घेते. हरकत आहे का?

आहे. नावं वेगळी आणि आत दोन्हीकडे मेटफॉर्मिन, असं मी दर गणपतीत पाहतो. एका आजींच्या पिशवीत तीन कंपन्यांची मेटफॉर्मिन निघाली होती आणि त्या जुलाबावर चौथी गोळी मागायला आल्या होत्या. दिवसाची कमाल मात्रा साधारण २००० मिलिग्रॅम असते, नकळत ती सहज ओलांडली जाते. घरातली सगळी पाकिटं, जुनी-नवी, एका पिशवीत घालून दुकानात घेऊन या. दुपारी दोन ते चार गर्दी नसते.